इब्राहीमभाईंची वीत

"आज वरोऱ्याची बोलती बंद!" देवरावनं मशीनच्या उभ्या पाइपाच्या टोकावर भात शिजवायचा ॲल्युमिनियमचा गंज पालथा घातला आणि वरून एक ठोसा मारून बसवला. "तीन वीत ठिणगी पडन. एक बोट कमी पडली त माह्या दुकानाची पाटी उतरवून टाका. हा देवराव बोलून राह्यला!"

ठोशानं गंज सुटला, ओट्याच्या कडेवर आपटला आणि टणटण करत गर्दीतून थेट लटारू भंगारवाल्याच्या पायाशी जाऊन थांबला. लटारूनं तो उचलला, नखानं वाजवून पाहिला आणि सवयीनं तराजूत टाकला.

"अजून नाई, लटारूभाऊ," देवरावची बायको मीराबाई म्हणाली. "तीन डाव द्याचे ठरले हायेत."

लटारूनं गंज परत केला आणि सायकलला टेकून चणे खाऊ लागला. त्याला घाई नव्हती. त्याला मीराबाईनंच बोलावलं होतं.

हा मेळावा दरसाल भरायचा. कोणी रेडिओ दुरुस्त करणारा, कोणी देवरावसारखा पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा, गोंडपिपरीचे एक मास्तर. घरी बनवलेली विजेची यंत्रं घेऊन सगळे जमायचे आणि एकमेकांना ठिणग्या पाडून दाखवायचे. याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला चहा मिळत नसे. ठिणगी मोजायची वितेनं, आणि वीत फक्त चांद्याच्या इब्राहीमभाईंची. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांचं स्वतःचं यंत्र नव्हतं, म्हणून हात निःपक्षपाती. आधी लोखंडी टेप वापरायचे. पण एका वर्षी मास्तरांनी मशीन चालू असताना टेप लावला आणि ते धानाच्या तणसाच्या ढिगात सापडले. तेव्हापासून वीत, आणि तीही मशीन बंद करून.

नियम आणखी एक होता. ज्याची ठिणगी सगळ्यात आखूड, पुढचा मेळावा त्याच्या गावी आणि जेवण त्याच्या घरचं. म्हणून लागोपाठ दुसऱ्या वर्षी मेळावा देवरावच्या गावी, सावलीला होता. ऐन मंडईच्या, गावच्या जत्रेच्या दिवशी, घरी पाहुणे आलेले असताना, मीराबाई सगळ्यांचा भात शिजवत होती, आणि तोही शेजारच्या गंजात. कारण तिच्या आईनं लग्नात दिलेला मोठा गंज देवरावच्या मशीनवर पालथा बसला होता. सकाळीच तिनं सांगून टाकलं होतं, की यंदा ठिणगी पडली नाही तर गंज घरी आणि बाकीचं सगळं लटारूच्या सायकलवर. देवराव लगेच हो म्हणाला. त्याला खात्री होती. देवरावला खात्री नाही अशी गोष्ट सावलीत अजून कोणी पाहिली नव्हती.

सुकलूच्या राइस मिलच्या ओट्यावर सकाळपासून दोघांचं झालं होतं. मास्तरांनी जुन्या रेकॉर्डी फिरवून, हातानं दांडा मारून, एक वीत ठिणगी पाडली. वरोऱ्याच्या सादिकनं टॉकीजच्या पाटीवरून उतरवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर दोन वीत पाडली आणि गर्दीला सलाम केला.

"चला देवरावभाऊ," सादिक म्हणाला. "का तुमची ठिणगी पंचायत समितीतून मंजूर होऊन येते?"

देवरावनं खटका दाबला. खालच्या पेटीतून कडकड आवाज आला, ओट्याखालचं कुत्रं उठून गेलं. गंजावर काहीच नाही. पण समोरच्या बोरिंगच्या हातपंपावरून किंकाळी आली.

मशीनची अर्थिंगची तार देवरावनं बोरिंगच्या पाइपाला बांधली होती. याच्यापेक्षा खोल जमिनीत सावलीत दुसरं काय गेलं होतं? आणि म्हातारी ठमाबाई तिथं पाणी भरत होती. पाण्याची गुंडी खाली लवंडली होती. ठमाबाई दांडा धरून उभी होती.

"का झालं वं, ठमाबाई?" मीराबाई धावली.

"मुंग्या आल्या ना बाई. हातातून पार गुडघ्यापर्यंत." ठमाबाईनं एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा. मग ओट्याकडे वळून ओरडली, "अरे देवराव, धरलेला गुडघा सुटला ना माहा! लाव ना आणखी एकडाव!"

पाच मिनिटांत ओट्यासमोर मोजकी माणसं उरली आणि बोरिंगवर रांग लागली. याला शास्त्रात काही आधार नाही, असं मास्तरांनी तिथं जाऊन समजावून सांगितलं. मग ते कंबर धरून रांगेत उभे राहिले.

"एक डाव गेला," मीराबाई म्हणाली.

लटारूनं सायकल थोडी पुढं आणली.

बिघाड सादिकलाच सापडला. मशीनशेजारी एका पत्र्याच्या टीपात मिठाच्या पाण्यानं भरलेल्या बाटल्या उभ्या होत्या. वीज आधी त्यांच्यात साठायची आणि तिथून वर उसळायची. त्यातली एक बाटली रिकामी होती. मिलचा मालक सुकलू भिंतीआड थुंकत होता.

"तू पेलास?" देवरावनं विचारलं.

"मले का मालूम," सुकलू म्हणाला. "बाटली त मोहाच्या दारूचीच हाये. कोणता माणूस मोहाच्या बाटलीत मीठ घालते बे?"

"जाऊ दे. भरून दे लवकर."

सुकलूला फार वाईट वाटलं होतं. त्यानं हात राखला नाही. घरातून आपली स्वतःची, पहिल्या धारेची, ठेवणीतली आणली आणि बाटली गळ्यापर्यंत भरून दिली.

देवरावनं खटका दाबला. बाटली तडकली, टीपातून निळी ज्वाळ उठली आणि देवरावची उजवी भुवई घेऊन गेली. वास मंडईभर पसरला. जे लोक कंटाळून बाजारात गेले होते ते त्या वासानं परत आले. सुकलू टीपाकडे पाहत राहिला. "माही दिवाळीची होती," एवढंच म्हणाला.

"दोन," मीराबाई म्हणाली.

देवरावनं तोंडावर ओला दुपट्टा फिरवला. मीराबाईच्या रांधायच्या डब्यातून मीठ घेतलं, नवी बाटली स्वतः भरली, गंज स्वतः बसवला, यावेळी ठोसा न मारता. एक ट्यूबलाइट भिंतीला टेकवून ठेवली. "पाहा आता. ठिणगी त पडनच, वरून हे ट्यूब वायर न लावता पेटन. हे मी आता नाई बोलत, हे मशीन बोलन!"

खटका दाबला. मिलची चक्की थांबली, बाजारातला भोंगा थांबला, समोरच्या हॉटेलातला रेडिओ थांबला. लाइट गेली होती. रोज जायची तशीच.

"हा डाव नाई धराचा!" देवराव म्हणाला. "लाइट का माह्या हातात हाये?"

"डाव तो डाव."

"अवं, पण..."

"जेवाले चला. भात गार होऊन राह्यला."

सगळे मिलच्या मागं पंगतीला बसले. देवरावही बसला. खटका बंद करायचं त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण आयुष्यात त्याच्या डोक्यात मशीन बंद करायचं कधी आलंच नव्हतं.

पहिला रस्सा-भात वाढून मीराबाई हातातल्या पळीसकट ओट्यावर आली. मागून लटारू आला. त्यानं ओट्याजवळ सायकल लावली, एका हातात तराजू सांभाळत दुसरा हात गंजाकडे नेला.

"हा गंज तुमचा ना बाई? हा बाजूला करतो. बाकी सारं जोखून घेतो."

बाजारातला भोंगा मध्येच ओरडला. लाइट आली.

कडकड झाली. गंजाच्या काठावरून जांभळी ठिणगी निघाली आणि तराजूच्या पारड्यावर पडली. चार बोटं असेल, जास्त नाही. पण लटारूला ती पुरली. तराजू, एक चप्पल आणि सायकल तिथंच टाकून तो मंडईच्या गर्दीत दिसेनासा झाला.

मीराबाई हलली नाही. भिंतीला टेकलेली ट्यूब पेटली होती. ना तार, ना होल्डर. नुसती उभी, आणि पांढरी शुभ्र. मीराबाईच्या पळीतला रस्सा थेंब थेंब ओट्यावर पडत होता. मग फट् आवाज आला, फ्यूज गेला आणि ट्यूब पुन्हा काचेची झाली.

पंगत उठून धावत आली. देवराव सगळ्यांच्या पुढं, उष्ट्या हातानं, एका भुवईचा.

"पडली?"

"पडली," मीराबाई म्हणाली.

"भाभी, नियम हाये," सादिक हसत म्हणाला. "घरच्याची साक्ष चालत नाई."

"मी आज घरची कुठी होती? मी त भंगारवाल्याच्या बाजूनं आलती."

सादिकनं इब्राहीमभाईंकडे पाहिलं. इब्राहीमभाईंनी लटारूच्या चपलेकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग दाढीवरून हात फिरवला.

"बात सही हाये. हे त उलट्या पक्षाची साक्ष झाली. याच्याहून पक्की कोणती रायते? दाखवा बाई, तराजू कुठी होता?"

मीराबाईनं पळी खाली ठेवली. पडलेला तराजू उचलला आणि पारडं गंजाजवळ धरलं. देवराव तिच्याकडे पाहत होता. त्याच्या हाताला भात चिकटला होता, तो त्यानं झटकला नव्हता.

ती अर्धं पाऊल मागं सरकली. मग आणखी थोडी.

"इथी," ती म्हणाली.

इब्राहीमभाईंनी अस्तनी वर केली. गंजाच्या काठाला अंगठा टेकवला आणि हवेतून वीत टाकत आले. एक. दोन. तिसऱ्या वितेची करंगळी पारड्याला लागली. त्यांनी मान वर करून मीराबाईकडे पाहिलं. मीराबाईनं पारडं हलू दिलं नाही.

"तीन," इब्राहीमभाई म्हणाले.

"मी सकाळी का म्हणलं होतं!" देवराव ओरडला. "बोटाचाही फरक नाई! मी का म्हणलं होतं!"

"म्हणजे शेवटचा मी," मास्तर हळूच म्हणाले.

"हो मास्तर. पुढच्या साली गोंडपिपरी," मीराबाई म्हणाली. तिनं पदरानं गंजावरचा काळा डाग पुसला आणि गंज पाइपावर नीट बसवला. "मले भात मोकळा लागते, सांगून ठेवजा घरी."

देवरावचा उत्साह मावत नव्हता. एवढी ठिणगी पडली ती एकट्या बायकोला दिसली, हे काही बरोबर नव्हतं. आता साऱ्या मंडईनं पाहायला हवी होती. पुन्हा जळू नये म्हणून त्यानं फ्यूजमध्ये कुंपणाची तार घातली आणि खटका दाबला.

सावलीचा ट्रान्सफॉर्मर गेला. त्या वर्षी मंडईचं नाटक गॅसबत्तीवर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आसोल्याहून दोन बैलबंड्या भरून गुडघेदुखीच्या बायका आल्या. ठमाबाईनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीच्या हातात दांडा दिला. बोरिंगातून नुसतं पाणी आलं.