माझ्यावरची तारीख आधी वाचा

मी भडगावच्या दवाखान्यातून निघालेला कागद बोलतोय. डॉक्टर हितेंद्र यांनी मला सहा सप्टेंबरला लिहिलं. जीवराम आबा, वय अडुसष्ट, उजव्या बाजूला हर्निया, ऑपरेशन करावे, कुठलेही औषध चालू नाही. खाली सही, शिक्का. माझ्यात एक शब्द खोटा नव्हता.

मला लगेच जळगावला न्यायचं होतं. पण कापूस वेचायला आला होता. ‘वेचणी होऊ दे’ म्हणत आबांनी मला देव्हाऱ्यात, देवांच्या मागे ठेवलं. मानाची जागा. मी तिथे पाच महिने राहिलो.

फेब्रुवारीत हळदकुंकवाचे डाग घेऊन मी जळगावला पोचलो. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर्जन ज्योती मॅडमनी मला हातात धरलं. शिक्क्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बोट तारखेवर ठेवलं आणि भडगावला फोन लावला.

“कागद माझाच आहे,” हितेंद्र डॉक्टर म्हणाले. “पण नंतर आबा माझ्याकडे आलेलेच नाहीत.”

मॅडम आबांकडे वळल्या. “आबा, बाजू कुठली?”

“उजवी.”

“गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“चिठ्ठीमा लिखेल शे ना. काहीच नही.”

कोपऱ्यात त्यांची बायको तानुबाई उभी होती. तिने पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची पट्टी.

“हाई दखा. डिसेंबरमा पोरकडे धुयाले गयथात. तठे छातीमा स्प्रिंग बसाडी. तवयपाईन ह्या गोया रोज लेतस.”

“तू चूप ऱ्हाय,” आबा म्हणाले. “छातीनं छातीना डॉक्टरले माहीत शे. आठे पोटनं काम शे.”

मॅडमनी पट्टी वाचली. “आबा, ही रक्त पातळ करायची गोळी. आज कापलं असतं तर रक्त थांबलं नसतं. आणि मनाने बंद केली तर स्प्रिंग बुजेल. आज ऑपरेशन नाही. आधी धुळ्याच्या डॉक्टरांचं पत्र.”

“आज आपरेशन शे, आस गावले सांगी उनू मी.”

“मग परत सांगा. चालत जाऊन सांगा.”

मॅडमनी माझ्यावर लाल पेनाने तिरकी रेघ ओढली. मी ती निमूट सोसली. तिच्याखालचा माणूस जिवंत होता.

आता मी फायलीत तळाला आहे. वर धुळ्याचं पत्र, आणि त्यातही ऑपरेशन काही महिने पुढे ढकलायलाच सांगितलंय. आबा दर महिन्याला तपासणीला येतात, माझ्याकडे बघत नाहीत.

माझ्या शिक्क्याचा मला आजही अभिमान आहे. पण मला जे माहीत होतं, ते सहा सप्टेंबरपर्यंतचं. पुढचं तानुबाईच्या पदरात होतं. सुरी उचलण्याआधी तिला विचारा.