निळा पट्टा सोडून माझी नळी

मित्रांनो, मी पाण्यातले बुडबुडे वेगळे काढणारे एक जुने यंत्र आहे. ह्यूस्टनच्या एका कंपनीत मारिसोल ट्रेविन्यो या अभियंतीने मला घडवले. पृथ्वीवर बुडबुडे आपोआप वर येतात. अंतराळात ते पाण्यातच अडकतात आणि अंतराळवीराच्या पोटात जातात. अंतराळात जाण्याआधी माझी परीक्षा विमानात होती.

हे विमान समुद्रावर उंच झेपावते आणि कमान करून खाली येते. कमानीच्या माथ्यावर थोडा वेळ आतले सगळे तरंगते. पहिल्यांदा उडणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी उलटी लावतात आणि विमान उतरले की समारंभाने सुलटी करतात. त्या रीतीवर माझा राग नाही. राग आहे तो कंपनीचा प्रमुख प्रेस्टन हॅलरन याच्यावर.

विमानातली प्रशिक्षक डार्लिन सर्वांना बजावत होती, “धरायचे ते फक्त भिंतीवरचे निळे पट्टे. आणि पोहू नका, इथे पाणी नाहीये.”

प्रेस्टन म्हणाला, “माझी पट्टी हवेतच सुलटी करा. खाली उतरल्यावर फोटोला काय मजा?”

सुरुवातीच्या कमानींत मी चोख काम केले. मारिसोल एका हातात उलटीची पिशवी धरून माझ्याशी पुटपुटली, “चालतंय रे राजा, असंच चालू दे.”

शेवटच्या कमानीत मला पूर्ण जोराचे पाणी पेलायचे होते. तेवढ्यात प्रेस्टन तरंगला. पट्टी सुलटी झाली, तोल गेला आणि त्याने माझी नळी धरली. ती मुरगळली, हवा आत शिरली, माझ्या पोटात नुसता फेस झाला. त्याच क्षणी फोटो निघाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बैठकीत प्रेस्टन म्हणाला, “यंत्र नापास. पुढच्या अंतराळ मोहिमेतून काढा.”

“तुझ्या मुठीत नळी होती, प्रेस्टन,” मारिसोल म्हणाली.

“अगं, माणूस तरंगताना हाताला लागेल ते धरणारच. एवढंही सोसत नाही, ते अंतराळात काय दिवे लावणार?”

मारिसोलची कित्येक वर्षे माझ्यात होती.

आता मी अडगळीत आहे. समोरच्या भिंतीवर तो फोटो टांगला आहे. प्रेस्टन हसतो आहे, पट्टी सुलटी आहे आणि मुठीत माझी नळी स्पष्ट दिसते. येणारेजाणारे हसू बघतात, मूठ कोणी बघत नाही.

मित्रांनो, एखाद्या वस्तूला निकामी म्हणण्याआधी तिला कोणी कसे हाताळले ते बघा. मला तुमची कीव नको. नवी नळी लावा, मला पुन्हा उडवा. आणि प्रेस्टनला जमिनीवरच ठेवा.