चुडाआईचा हात

आरोहीच्या चित्रांत देवच फार. गोरेगावजवळच्या खेड्यातल्या या पोरीनं पुण्यात जाऊन पुस्तकांची चित्रं काढली, नाव कमावलं, ते सगळं जुन्या मूर्ती बघून बघून. त्यातही तिचा लाडका दगड गावच्याच शिवारातला. चुडाआई! जमिनीतून वर आलेला, कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात. शेंदराचे थर इतके की बोटं शोधावी लागत. लग्नाच्या पोरीनं चुडा भरला की आधी आईपुढं जायचं, आपला हात तसाच वर धरायचा आणि मगच मांडवात यायचं.

धाकट्या कोमलच्या लग्नपत्रिकेवर आरोहीनं तोच हात काढला. "आई आशीर्वाद देऊन राहिली बघा," म्हणत बायकांनी पत्रिका देव्हाऱ्यात ठेवल्या. मग वडिलांनाही हौस सुटली. विश्वंभररावांनी चुडाआईला ओटा बांधायचं मनावर घेतलं आणि हळदीच्या दिवशी सकाळीच गड्यांना पहारी दिल्या.

दगड हलला तसं शेंदराचं कवच धपकन निखळलं. वर निघाला तो चांगला कमरेइतका दगड. गड्यानं घागर ओतली, माती वाहून गेली. खाली ज्वाळा कोरलेल्या. ज्वाळांत बसलेली बाई, मांडीवर नवऱ्याचं डोकं. दोन्ही बाजूंना ढोल बडवणारे पुरुष.

आरोही पुढं वाकली. सतीचा दगड! असे दगड तिनं गावोगाव हिंडून पाहिले होते. पण घरच्या आईकडं कोण तशा नजरेनं बघतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. जळत्या बाईचा हात तिनं बहिणीच्या लग्नाला आशीर्वाद म्हणून काढला होता. ते ढोल कशाला, हेही तिला ठाऊक होतं. बाईचं ओरडणं लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून.

"बाबा, ही सती आहे. जाळलंय हिला. कोमलला इथं आणू नका."

"मग काय झालं? सती म्हंजे देवीच की," विश्वंभरराव हात जोडत म्हणाले. "शुभ कामात तोंड काहून वाईट करून राहिली?"

तेवढ्यात हलगी कडाडली. बायकांच्या घोळक्यातून कोमल आली, नवा हिरवा चुडा भरून, हसत. आईपुढं उभी राहिली आणि तिनं हात कोपरात वाकवून वर धरला.

"ताई, बघ की! बराबर तुझ्या चित्रावानी हाय न्हाई का?"

"हात खाली घे!" आरोही जीव तोडून ओरडली.

हलगीच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.