सारवलेलं पार्किंग

मित्रांनो, मी पोलादपुरातल्या एका घरापुढच्या पार्किंगमधला जुना ब्लॉक आहे. अंग खडबडीत, तिळाच्या चिक्कीसारखं. महाडजवळच्या कारखान्यात वाळू न घालता, नुसती खडी आणि जेमतेम सिमेंट घेऊन मला साच्यात घातलं. लोक हसले, "याला भोकंच भोकं, हा काय टिकतोय!" पण भोकं हेच तर माझं काम! अंगावर पडलेलं पाणी मी खालच्या खडीत सोडतो आणि ते सावकाश जमिनीत मुरतं.

घर उतारावर आहे. खाली लागूनच सरिताताईंचं स्वयंपाकघर. पूर्वी इथे सिमेंटचा कोबा होता, तेव्हा पावसाचा लोंढा थेट त्यांच्या चुलीत शिरायचा. म्हणून तर घरमालकीण अनुपमाबाईंनी मला आणलं. मी त्यांच्याकडे पाणी वाहून जाऊ दिलं नाही. सरिताताई येता-जाता कौतुक करायच्या आणि मला भारी वाटायचं.

मग गेल्या दिवाळीनंतर अनुपमाबाईंच्या नवऱ्याची, कमलाकररावांची शकूआत्या शिवथरहून आली. मला बघून तिने कपाळाला हात लावला. "असा उघडा दगड ठेवून कोण तुळशीचं लगीन लावतं गो?"

अनुपमाबाई शाळेत गेल्या आणि आत्याने लाल माती पसरली, चोपणीने ठोकून ठोकून बसवली, वर शेणाने सारवलं. तिच्या हाताला माया होती, पण माझा जीव घुसमटला! संध्याकाळी अनुपमाबाई दारातच थबकल्या. आत्या कौतुकाच्या आशेने बघत होती. "छान झालं हो, आत्या," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे गाडीच्या चाकांनी ती माती आणखी आत दाबली. उन्हाळाभर मी तळमळत होतो. पावसाळ्यात काय होणार, हे मला ठाऊक होतं. सांगणार कुणाला?

आज सकाळी तेच झालं. सरिताताई भिजलेल्या लुगड्यानिशी वर आल्या. "माझ्या चुलीत पाणी हाय, अनुपमा. पोरं उपाशी हायत."

कमलाकरराव चिडले. "उद्याच गवंडी बोलावतो. हे खूळ पुरे, सरळ कोबा करू."

अनुपमाबाई तारेचा ब्रश घेऊन खाली बसल्या. एक कोपरा खरवडला, पाइपने जोरात धुतला, वर बादली ओतली. बघता बघता पाणी दिसेनासं झालं. "म्हंजे मीच पाणी घातलं गो सरिताच्या चुलीत!" म्हणत, दिवाळीपासून इथेच राहिलेली आत्याही पदर खोचून बसली. कमलाकरराव नुसते बघत राहिले.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर माती टाकू नका. पावसाळ्याआधी आम्हाला झाडा, धुवा, मोकळं ठेवा. आता आंबेनळी घाटाकडून पुन्हा काळोखी आली आहे. पार्किंगचा एकच कोपरा मोकळा झालाय आणि खाली सरिताताईंनी नुकतीच चूल पेटवली आहे. कमलाकरराव, बघत काय उभे आहात? ब्रश घ्या!