ताईचा नवा पाय

मोठ्या मापाचा पाय करायचा म्हणून सकाळी संगणकावरची जुनी फाइल उघडली आणि माझी चूक दिसली.

आमच्याकडे कृत्रिम पाय बनतात. कार्बनचं कापड साच्यावर दाबून बसवायचं, त्यात पातळ रेझिन सोडायचं, ते कडक झालं की पाय तयार. त्याआधी मी हे सगळं संगणकावर करून बघते. आधी कापड कसं बसेल, मग रेझिन कुठवर पोचेल. घोट्याच्या वळणावर कापड तिरकं ताणलं जातं, वीण आवळते आणि रेझिनला वाट उरत नाही. हे मी नव्या पोरांना शिकवते. आणि मीच रेझिनच्या हिशेबात ते आवळलेलं कापड घ्यायला विसरले होते. सपाट कापड धरलं होतं, गुंडाळीवर असतं तसं.

बरोबर कापड घालून पुन्हा चालवलं. पडद्यावर रेझिन घोट्याला वळसा घालून पुढे गेलं, मागे कोरडा डाग राहिला. म्हणजे वरून गुळगुळीत आणि आत नुसते धागे.

त्याच चुकीच्या हिशेबावर बनलेला पहिला पाय चाचणीची वाट न बघता मी कौतुकाने ताईला दिला होता. कालपासून ती त्यावर चालत होती.

फोन लावला. ताई धापा टाकत होती.

"लिफ्ट बंद आहे गं. बाळाला घेऊन जिना उतरतेय. नंतर बोलू?"

"ताई, खाली बस."

"काय?"

"आहेस तिथेच बस. त्या पायावर भार देऊ नकोस."

"डोकं ठिकाणावर आहे ना? लोक येतायत-जातायत."

"बस म्हणते ना." माझा आवाज इतका चिरका निघाला की शेजारचा साचेवाला वळून बघायला लागला.

फोनमध्ये खरखर झाली, मग बाळ जोरात रडलं. मी ताईला हाका मारत राहिले, ती ओ देईना.

"बसले बाई," ती शेवटी म्हणाली. "बाळ मांडीवर आहे. झालं समाधान?"

"पाय काढून ठेव. मी निघालेय. घोट्यात रेझिन पोचलेलंच नाही. माझी चूक आहे, ताई."

आता चांगली झाडणार म्हणून मी वाट बघत होते.

"म्हणजे सकाळपासून आतून टक टक वाजतंय, ते हेच का?"

"वाजतंय? मग मला फोन का नाही केलास?"

"पाय तू केलायस ना," ताई म्हणाली. "म्हटलं, वाजायचाच असेल."