बकुळाबाईंची दोनशे बारा वाक्यं

बकुळाबाई नेरूरकरांचा आवाज गेला त्याला येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होणार होती. घशात गाठ निघाली, परळच्या इस्पितळात ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. श्वासासाठी गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर त्या सुती रुमाल बांधत. लालबागच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलेली बाई. मधल्या सुट्टीत तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की मैदानातली पोरं जागच्या जागी थिजायची. आता नुसते ओठ हलायचे.

पण ऑपरेशनच्या आधी आठ दिवस हातात होते. आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवणारी नूपुर इस्पितळात होती. तिने सांगितलं, "बाई, एक टॅब घ्या. त्यात मी एक अ‍ॅप टाकून देते. रोज लागतील ती वाक्यं तुमच्या आवाजात भरून ठेवा. मग चौकोनावर बोट ठेवलं की तुम्हीच बोलाल."

मुलाने, शंतनूने, त्याच संध्याकाळी दादरहून टॅब आणला. करी रोडच्या घरात पंखा बंद, खिडक्या बंद, समोरच्या टॉवरचं खोदकाम थांबलं की बकुळाबाई वाक्यं भरत बसायच्या. दुखऱ्या घशाने, घोट घोट पाणी पीत. "भाजी कशी दिली?" सुनेसाठी, "प्रिती, तू बस, मी बघते." "दार आपटू नका." शंतनूसाठी खास मालवणीत, "गप ऱ्हव, मेल्या!" आणि नातीसाठी, दोन वर्षांच्या मनवासाठी, एक अख्खी गोष्ट. दोनशे बारा वाक्यं झाली. त्यांच्यावर बकुळाबाईंचा संसार पुन्हा चालू लागला. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा त्या टॅबवर करायच्या.

नूपुरने शंतनूला बजावलं होतं, "हे सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा हं." शंतनू म्हणाला होता, "करतो." प्रत्येक वेळी म्हणाला होता.

टॅब घेऊन चार महिने होतात तोच कंपनीने नवं मॉडेल काढलं. जुन्याचं कव्हर फाटलं तेव्हा दुकानात उत्तर मिळालं, "या मॉडेलचं आता येत नाही." वर्ष उलटलं, आणखी एक मॉडेल आलं, त्याच्या चार्जरची पिन वेगळी. मग तिसरं आलं. टॅब उघडला की पडद्यावर आधी जाहिरात यायची: तुमचं उपकरण जुनं झालं आहे. बकुळाबाईंनी एकदा वैतागून शंतनूला वहीत लिहून दाखवलं, "तू दहावीत होतास तेव्हाचा मिक्सर अजून चालतोय. हा दोन वर्षांत म्हातारा कसा झाला?"

शंतनू हसला. पण टॅब अडखळायला लागला होता, चौकोन दाबल्यावर आवाज यायला वेळ लागायचा, हे त्यानेही पाहिलं होतं.

भाद्रपद संपता संपता बकुळाबाईंचा साठावा वाढदिवस आला. रविवार होता. सकाळीच शंतनू म्हणाला, "आई, टॅब दे जरा. दादरला दाखवून आणतो." त्यांनी दिला. दिवसभर वहीवर भागवलं. संध्याकाळी तो आला तो पांढरा गुळगुळीत खोका घेऊन.

"हॅपी बर्थडे, आई! एकदम लेटेस्ट. उघड ना!"

बकुळाबाईंनी खोका उघडला. पातळ, चकचकीत टॅब. प्रितीने टाळ्या वाजवल्या, मनवाने पडद्यावर आपलं तोंड बघितलं. फोटो आले, फोन नंबर आले. बकुळाबाई बोलायच्या अ‍ॅपचा निळा चौकोन शोधत राहिल्या. तो नव्हता. त्यांनी लिहिलं, "माझं बोलायचं कुठे आहे?"

"येईल ना, सगळं क्लाउडवर असतं गं," म्हणत शंतनूने अ‍ॅपचं नाव टाकलं. पडद्यावर एक ओळ आली: हे अ‍ॅप या मॉडेलवर चालत नाही. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा तीच ओळ.

"जुना कुठे आहे?" त्यांनी लिहिलं.

शंतनूचा चेहरा उतरला. "एक्सचेंजमध्ये दिला."

बकुळाबाईंच्या हातातून पेन गळून पडलं. ऑपरेशनच्या दिवशीही त्या अशा हादरल्या नव्हत्या, कारण तेव्हा काय जाणार हे ठाऊक होतं. मनवा म्हणाली, "आजी, गोष्ट लाव ना."

मायलेक टॅक्सी करून दादरला पोचले तेव्हा दुकान बंद व्हायला पाऊण तास होता. काउंटरवरचा उन्मेष सकाळचाच माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, एक्सचेंजचा पीस घेतला की इथेच रीसेट करतो. सगळं पुसून. तुमची सही आहे ना फॉर्मवर."

"मला वाटलं ती फॉरमॅलिटी आहे!"

"तरी बघू," उन्मेष म्हणाला आणि आतून एक प्लास्टिकचा क्रेट उचलून घेऊन आला. बकुळाबाईंनी आत डोकावलं आणि त्या हबकल्याच. तीस-पस्तीस टॅब उभे रचलेले. एकालाही तडा नाही. एकाच्या पाठीवर पोरांनी चिकटवलेलं फुलपाखरू, दुसऱ्यावर पेनने लिहिलेलं कोणाचं तरी नाव. भंगारात निघालेली चांगली भांडी बघावीत तसं त्यांना वाटलं.

"हे सगळे बिघडलेले?" शंतनूने विचारलं.

"नाही हो. चालू आहेत. या आठवड्याचे आहेत फक्त."

त्यांचा टॅब सापडला. उन्मेषने तो चालू केला. कोरा पडदा, मधोमध फक्त 'नमस्कार'. भाषा निवडा म्हणत होता.

बकुळाबाईंनी वहीत लिहून वही उन्मेषसमोर धरली. शाळेतलंच अक्षर, गोल आणि मोठं. "दोन वर्षंही झाली नाहीत. असं कसं जुनं झालं?"

"मॅडम, यानंतर तीन आले. आम्हाला एकाची माहिती पाठ होईपर्यंत दुसरं येतं. खरं सांगू? तुम्ही सकाळी नेलं ना, त्याच्यापुढचं दिवाळीत येतंय."

"अरे, मग सकाळी लेटेस्ट म्हणून काय विकलंस मला?" शंतनू ओरडला. दुकानातली माणसं वळून बघू लागली. "माझ्या आईचा आवाज होता त्यात! आवाज होता!"

उन्मेष बकुळाबाईंच्या गळ्याच्या रुमालाकडे बघून म्हणाला, "हा जुना तुम्ही घेऊन जा, मॅडम. साहेबांना मी सांगतो. याच्यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

बाहेर फुलवाल्यांची आवराआवर चालली होती. शंतनू फुटपाथवर एका बंद शटरला टेकला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बकुळाबाईंना त्याला सांगायचं होतं, असू दे रे बाबा. ते वाक्य होतं त्यांच्याकडे, तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरं. बोट आपोआप कोऱ्या पडद्यावर गेलंसुद्धा. रागही आला होता त्यांना, इतका की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. त्यांनी दोन्ही एकदमच केल्यासारखं त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि हात तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी परळला नूपुरने सगळं ऐकलं आणि क्षणभर कपाळावर हात मारून बसली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी आपण इथे चाचणी घेतली होती ना, बाई? ती माझ्या कॉम्प्युटरवर असेल."

निघाली. अडतीस वाक्यं. सगळी इस्पितळी. "मला पाणी हवं आहे." "इथे दुखतं आहे." "डॉक्टरांना बोलवा." बकुळाबाई खुर्चीच्या कडेला बसून स्वतःचा आवाज ऐकत होत्या. गोष्ट नव्हती, मालवणी नव्हती, भाजी नव्हती. शेवटच्या वाक्यानंतर नूपुर फाईल बंद करणार, तेवढ्यात रेकॉर्डिंगमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मोकळ्या गळ्याने त्या दिवशीच्या बकुळाबाई बोलल्या, "झालं ना गं? माझा झील खाली उभा आहे मघापासून. तो घाबरलाय माझ्यापेक्षा जास्त, त्याला सांगू नको हं काही."

तो झील, त्यांचा मुलगा शंतनू, आता दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

नूपुरने ती अडतीस वाक्यं आणि हे एकोणचाळिसावं जुन्या टॅबमध्ये भरलं, दोन पेनड्राइव्हवर उतरवलं, एक स्वतःच्या खणात ठेवला. मग तिने कपाटातून टॉर्चएवढं एक यंत्र काढलं. गळ्याला लावलं की ते थरथरतं आणि ओठांच्या हालचालीला आवाज देतं. बकुळाबाईंनी ते याआधी दोनदा नाकारलं होतं. तो आवाज घरघरता, सपाट, कोणाचाच नसलेला.

"हे तरी वर्षानुवर्षं तसंच आहे, बाई," नूपुर म्हणाली.

बकुळाबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग गळ्याला, रुमालाच्या वर, टेकवलं. पहिल्यांदा नुसती घरघर झाली. दुसऱ्यांदा जागा चुकली. नूपुरने बोट धरून योग्य ठिकाणी नेलं.

महिनाभर त्या रोज परळला गेल्या. नवा टॅब दुकानाने परत घेतला नाही. दिवाळीत त्याच्यापुढचं मॉडेल आलं, तेव्हा शंतनूने जाहिरात न वाचताच पुसून टाकली. ग्राहक मंचात त्याने अर्ज दिला आहे, तारीख लागायची आहे.

भाऊबीजेच्या दुपारी बकुळाबाईंनी मनवाला मांडीवर घेतलं, यंत्र गळ्याला लावलं आणि गोष्ट सुरू केली. तो आवाज ऐकून मनवा दचकून आईकडे पळाली. बकुळाबाई थांबल्या नाहीत. चौथ्या वाक्याला मनवा दाराआडून डोकावली. गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा ती येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आधीचं परत सांग. मी ऐकलं नव्हतं."