एकतीस घुशी, एकच वाण

श्रियाचं नाव निघालं की माझं डोकं उठतं. खोटं कशाला बोलू? जळते मी तिच्यावर.

तीन वर्षं मी कोलशेत-बाळकुमच्या घुशी धरतेय. पिंजऱ्यात सुका बोंबील लावायचा, सकाळी जाऊन पिंजरा उचलायचा, घुशीच्या किडनीतून लेप्टोचे जिवाणू वाढवायचे, मग त्यांची जनुकं वाचायची. एकतीस घुशी झाल्या आणि सगळ्यांत लेप्टोचा एकच वाण निघाला. त्यावर पेपर लिहिलाय, सोमवारी जाणार. पेपरवर पीएचडी अडकलेली. आणि ही बया आठ महिन्यांपूर्वी आली, कोपरीतल्या नऊ घुशी धरल्या आणि चार वेगळे वाण काढून मोकळी!

"हेमा, श्रियाचं बघितलंस? काय विविधता आहे!" आमचे गाइड आनंद सर चहा पिता पिता म्हणाले. मला तीन वर्षांत 'ठीक आहे'च्या वर शब्द मिळालेला नाही हो.

म्हटलं, थांब, बघतेच तुला. लॅबमध्ये तुलनेसाठी एक विकतचा वाण वाढवत ठेवलेला असतो, कंट्रोल. तो चुकून नमुन्यांत मिसळला तर सगळं काम कचऱ्यात. हिने तेच केलं असणार! शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर मी तिचे निकाल कंट्रोलशी ताडून बघायला बसले.

नऊपैकी एकही जुळेना. प्रोग्रॅम तरी नीट चालतोय का, म्हणून माझा एक नमुना टाकला. जुळला. दुसरा टाकला, तोही जुळला. मग उरलेले सगळे टाकले. एकतीसच्या एकतीस, अक्षर न अक्षर कंट्रोल. ही पडताळणी मी कधी केलीच नव्हती. माझ्या हातावर माझा केवढा विश्वास! तीन वर्षं मी बाळकुमच्या घुशी नाही, आमच्याच लॅबच्या कंट्रोलची बाटली वाचत होते.

तेवढ्यात श्रिया विसरलेला डबा घ्यायला परत आली.

"अगं, तू कंट्रोल कधी हाताळतेस?" मी विचारलं.

"सगळ्यात शेवटी. तुम्हीच शिकवलंत ना ताई, पहिल्या दिवशी?"

शिकवलेलं खरं. स्वतः मात्र मी सकाळी आल्या आल्या आधी कंट्रोल उरकून टाकायचे आणि त्यासाठी उघडलेल्या जिवाणूंच्या खाद्याच्या बाटलीतूनच पुढे घुशींच्या नळ्या भरायचे. घाई, दुसरं काय.

तिने स्क्रीन बघितला. तिला कळलं. तिच्या जागी मी असते तर आधी मनात पेढे वाटले असते. तिने खुर्ची ओढली.

"ताई, किडन्यांचे तुकडे फ्रीजरमध्ये आहेत ना? थेट त्यातूनच डीएनए काढू. मी थांबते तुमच्याबरोबर. सरांना तुम्हीच सांगा, मी एक शब्द बोलणार नाही."

मला रडूच फुटलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि मेलीचा एवढा राग मला आठ महिन्यांत कधी आला नव्हता.